घाम येतोय तोवर

६ मे

ताई,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायचा असतो. मी फरशीवर पालथा पडूनच लिहितोय, तेव्हा तो झालाच असं समज. खाट तापलेली असते, फरशी त्यातल्या त्यात बरी. कागदाला हात लागला की शाई पसरते, म्हणून मनगटाखाली जुना बनियन घेतलाय.

फोन का करत नाहीस असं आई विचारत असेल. फोन मॅनेजरच्या केबिनमध्ये आहे, आणि आपण बोलायला लागलो की तो समोर बसून कान टवकारतो. त्यापेक्षा पत्र बरं.

काम लागलं. विणकामाची शेड आहे. चाळीस माग आणि एकच दार. खिडक्या आहेत, पण काचांना आतून निळा रंग फासलाय आणि फटींत पोत्याच्या पट्ट्या कोंबल्यात. का, तर धाग्यासाठी. हवा कोरडी झाली की सुती धागा कडक होतो आणि तुटतो. हवा ओली ठेवली की तो मऊ राहतो. म्हणून छताखालच्या नळांतून दिवसभर पाण्याचे बारीक फवारे उडतात आणि आत धुकं भरून राहतं. चौथ्या रांगेपलीकडचा माणूस नुसत्या आवाजावरून ओळखायचा.

भिंतीवर दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेत. एक साधा. दुसऱ्याच्या टोकाला सुती वात गुंडाळलेली, वातीचं दुसरं टोक पाण्याच्या डबीत. पहिल्याला कोरडा म्हणतात, दुसऱ्याला ओला. ओला नेहमी कोरड्याच्या खाली असतो. दोघांत तीन डिग्रीपेक्षा जास्त अंतर पडलं तर हवा सुकली असं धरायचं. आज कोरडा पस्तीस, ओला बत्तीस. माझं काम या सगळ्यावर देखरेख ठेवायचं.

आता खरं ते. ताई, मला इथं बरं वाटत नाही. घाम येतो तो जातच नाही. पुसला की पुन्हा, पुसला की पुन्हा. टॉवेल आठ दिवस वाळलेला नाही. बोटांची टोकं धुणं धुतल्यासारखी सुरकुतलीत आणि छाती धडधडते, धावून आल्यासारखी. करार वर्षाचा आहे, मोडला तर कागदपत्रं अडकवून ठेवतात म्हणे. दाजींच्या ओळखीनं कुठं दुसरीकडे काही जमेल का, तेवढं विचार.

बारक्या


१५ मे

बारक्या,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवताना शेवटचा भाग गाळला.

तुला आता स्पष्टच लिहिते. छापखाना सोडलास, तिथं शाईचा वास येत होता. गॅरेज सोडलंस, तिथला मालक शिव्या देत होता. दुकान का सोडलंस ते तर अजून कुणाला कळलेलं नाही. ही नोकरी दाजींनी दहा जणांपुढं हात जोडून मिळवली. महिना नाही झाला तोवर तुझी धडधड सुरू?

अरे, पस्तीस डिग्री! इथं काल चव्वेचाळीस होतं. वाऱ्याच्या झळा अशा लागतात की पापण्या भाजतात. मी त्यात अडीच मैल चालत आरोग्य केंद्रात जाते, दिवसभर ऊन लागून आलेली माणसं तपासते आणि परत येऊन भाकऱ्या थापते. तू सावलीत, वर पाण्याचे फवारे, आणि तुला उकडतंय! लोक पैसे देऊन असल्या ठिकाणी जातात.

पण मी नर्स आहे आणि तू माझा भाऊ आहेस, म्हणून सांगते, नीट ऐक. मीठ-साखर घातलेलं पाणी पीत राहा, तहान लागायची वाट बघू नकोस. आणि घाबरायचं कधी ते लक्षात ठेव. उष्माघाताचा माणूस मी गेली अठरा वर्षं बघतेय. त्याची कातडी कोरडी ठणठणीत असते, तव्यासारखी. घाम थांबला की समजायचं, धावपळ करायची वेळ आली. घाम येतोय तोवर भीती नाही. शरीर आपलं काम करतंय. तुला तर धो-धो येतोय, म्हणजे तू घोड्यासारखा ठणठणीत आहेस.

सवय होईल. या वेळी तरी टिकून राहा रे.

ताई


२५ मे

ताई,

तुझं पत्र वाचून दोन दिवस राग आला, मग ओसरला. बरोबरच आहे तुझं. एवढ्या वेळा लांडगा आला ओरडलो, आता कोण ऐकणार?

माझ्या खोलीत एक विणकर राहतात. वय पंचावन्नच्या आसपास, पोट सुटलेलं, चारचौघांत वेगळा ऐकू येईल असा आवाज. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. तुटलेला धागा ते डोळे मिटून सांधतात. रक्तदाबाची गोळी घेतात आणि तिला 'सरकारी चॉकलेट' म्हणतात. मी तुझं पत्र वाचताना तोंड पाडून बसलो होतो, तर म्हणाले, "कुणाचं आहे? बायको तर नाही तुला."

"थोरल्या बहिणीचं. नर्स आहे."

"मग वाच मोठ्यानं. फुकट डॉक्टर कुठं मिळतोय?"

शिव्यांचा भाग गाळून वाचला. तो 'घाम येतोय तोवर' नियम त्यांना फार आवडला. दुसऱ्या दिवशी सगळ्या शेडला सांगितला. आता जो तो एकमेकाच्या पाठीवरून हात फिरवतो आणि ओरडतो, "आहे रे आहे, चालू दे!" माणसं हसायला लागली, ताई. पायात गोळे आले, लघवी चहासारखी झाली, डोकं ठणकलं, तरी आधी घाम बघतात आणि पुन्हा मागावर जातात. तुझं नाव झालंय इथं.

एक गोष्ट मी तुला नीट सांगितली नव्हती. देखरेख म्हणजे काय, तर फवाऱ्यांचा व्हॉल्व्ह माझ्या हातात आहे. अंतर तीनच्या वर गेलं की मी पाणी सोडतो. सोडलं की पहिल्या रांगेतली माणसं मान वर करून माझ्याकडे बघतात. पाच मिनिटांत हवा इतकी जड होते की श्वास चावून घ्यावा लागतो. मी पण तिथंच असतो, पण हात माझा असतो. त्यामुळे तुला सांगायची लाज वाटत होती.

आणि दार बाहेरून लावतात. ओल निघून जाऊ नये म्हणून. बाहेर जायचं तर आतून ठोकायचं, मग पहारेकरी उघडतो. मागांच्या खडखडाटात त्याला पहिल्या खेपेला कधीच ऐकू जात नाही.

टिकून आहे. आईला सांग.

बारक्या


४ जून

बारक्या,

फोन लावला तर मॅनेजरनं तुला बोलावलंच नाही, म्हणून हे पत्र जलद टपालानं टाकतेय. आधीचं माझं पत्र फाडून टाक. आधी फाड, मग पुढं वाच.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांपुढं वाचलं. तुझ्या फवाऱ्यांची गंमत सांगावी म्हणून. ते हसले नाहीत. म्हणाले, "ओल्याचा आकडा काय सांगितलाय त्यानं?" मी म्हटलं, बत्तीस. त्यांनी घास ताटात ठेवला.

लशींच्या फ्रिजजवळ आमचा एक तापमापक असतो. तो त्यांनी काढला, टोकाला ओला कापूस गुंडाळला आणि मला व्हरांड्यात वाऱ्याला धरायला लावला. बाहेर चव्वेचाळीस होतं. माझ्या डोळ्यांदेखत पारा उतरायला लागला. चाळीस, पस्तीस, तीस. तेवीसवर येऊन थांबला. "हे तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "घाम वाळतो तेव्हा अंगातली उष्णता घेऊन जातो. इथं हवा इतकी कोरडी आहे की तो दिसायच्या आधीच वाळतो. म्हणून तुम्ही चव्वेचाळीसमध्ये चालू शकता. तुमच्या भावाच्या तिथं हवेत घामाला जागाच नाही. तो नुसता गळतो. गळलेल्या घामानं अंग गार होत नाही, फक्त पाणी आणि मीठ जातं."

बारक्या, मी चव्वेचाळीसच्या फुशारक्या मारल्या आणि तू माझ्यापेक्षा नऊ डिग्री जास्त सोसत होतास.

माणसाची कातडी पस्तीसच्या आसपास असते. ओला पारा तिथं पोचला की उष्णतेला बाहेर पडायला वाटच उरत नाही. तरणाताठा माणूस सावलीत नुसता बसला तरी काही तासांत दगावतो. आणि काम करणारा माणूस त्याच्या कितीतरी आधी, तीस-एकतीसलाच धोक्यात येतो. काळीज रक्त कातडीकडे ढकलत राहतं, ढकलत राहतं, आणि तिथं ते गारच होत नाही. ती तुझी धडधड. मी तिला धरसोडपणा म्हटलं.

घामाचा नियम खोटा आहे. म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या माणसांना लागू आहे, तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे माणूस घामानं निथळत असतानाच पडेल. घाम बघू नका. डोकं बघा. कुणी असंबद्ध बोललं, उगाच चिडलं, हसलं, झोकांड्या खाल्ल्या, रोजचं काम चुकलं, की एक मिनिट थांबू नका. बाहेर काढा, कपडे काढा, अंगावर गार पाणी ओता, पंख्यानं वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. आधी गार करा, मग दवाखान्यात न्या.

वस्तादांच्या गोळीनं लघवी जास्त होते का ते विचार. तसं असेल तर त्यांना सगळ्यांत आधी जप.

हे सगळ्या शेडला वाचून दाखव. माझी चूक झाली असंही वाच.

ताई


६ जून

ताई,

वस्ताद गेले.

काल दुपारच्या शिफ्टला. चारच्या सुमारास ते मुकादमाशी भांडायला लागले. कशावरून तेच कळेना. ते कधी कुणाशी भांडत नाहीत. मग एकदम हसले. मी जवळ गेलो तर धागा सांधत होते, आणि भलतेच दोन धागे एकमेकांना बांधत होते. पुन्हा सोडत होते, पुन्हा तेच बांधत होते. माझ्याकडे बघून त्यांनी मला 'चिमे' म्हणून हाक मारली. चिमी म्हणजे त्यांची मुलगी, लग्न झालेली.

मी पाठीवरून हात फिरवला. पाणी नुसतं. सदरा पिळून काढावा असा. मुकादमानं लांबून विचारलं, "घाम आहे ना?" मी म्हटलं, "आहे." त्यांना भिंतीशी कापडाच्या गठ्ठ्यावर बसवलं. मीठ-साखरेचं पाणी दिलं ते त्यांनी सांडलं. बसू दे जरा, म्हटलं, घाम येतोय. वीस मिनिटं बसले असतील. तेवढ्यात अंतर सव्वातीन झालं म्हणून मी व्हॉल्व्हकडे गेलो.

परत आलो तर झटके येत होते.

दार ठोकलं. चौघांनी मिळून ठोकलं. मग कुणीतरी माग बंद करायला लागलं, एकेक करत, आवाज कमी झाला तेव्हा पहारेकऱ्याला ऐकू गेलं. उचलताना त्यांचं अंग हाताला चटका लागावा इतकं गरम होतं, आणि ओलं. दवाखाना यायच्या आधीच गाडीत संपलं.

मॅनेजर आला तो आधी म्हणाला, "माग कुणी बंद केले?" मग मला केबिनमध्ये नेलं. वेळ झाली की दोन्ही तापमापकांचे आकडे मी वहीत लिहितो. चारचा खरा आकडा कोरडा सदतीस, ओला चौतीस. त्यानं सांगितलं, बत्तीस आणि एकोणतीस लिही. म्हणाला, म्हाताऱ्याला रक्तदाब होता, हृदयानं गेला, तू कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस, व्हॉल्व्हवर तूच होतास.

मी लिहिलं.

त्यांची खाट समोर रिकामी आहे. मला एकच सांग, ताई. घाम तर धो-धो येत होता. शेवटपर्यंत येत होता. मग कसं झालं? तू नर्स आहेस, तुला माहीत असेल.

बारक्या


९ जून

ताई,

तुझं चार तारखेचं पत्र आज मिळालं.

बारक्या


१४ जून

बारक्या,

तुझी दोन्ही पत्रं एका दिवशी आली. सहाचं आधी उघडलं.

मी अठरा वर्षं हे काम करते. माझ्या हातून माणसं गेली आहेत, पण ती माझ्यासमोर होती, मी काहीतरी करत होते. हा माणूस मी कधी पाहिलाही नाही, आणि त्याला भिंतीशी बसवून ठेवलं ते माझ्या वाक्यानं. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासात गार केलं असतं तर बहुतेक वाचले असते. मी विचारायला नको होतं. विचारलं.

मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. खरं सांग. माझ्या पत्रामुळं गेले का ते?

आणि आता ऐक. तू निघ. करार मोड, कागदपत्रं ठेवू दे त्यांना, जाऊ दे खड्ड्यात. टिकून राहा असं मी लिहिलं होतं ते मी गिळते. दाजी म्हणतात, मी स्वतः जाऊन गेटवर उभा राहतो, बघतो कसे सोडत नाहीत. तुला पळपुटा म्हणणारी मीच होते ना? आता मीच म्हणते, पळ. त्या शेडमध्ये आणखी एक दिवस काढू नकोस. आई जेवत नाही. तिला सगळं सांगितलं नाही, पण तिला माझ्या तोंडाकडे बघून कळतं.

आकडा खोटा लिहिलास त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. मला तो हक्क नाही.

परतीचं लगेच कळव.

ताई


२ जुलै

ताई,

उशीर झाला. इतके दिवस लिहायला बसलो की पहिल्या प्रश्नाशीच अडायचो. आज आधी तेच लिहितो.

वीस मिनिटं आम्ही त्यांना बसवून ठेवलं ते तुझ्या नियमामुळं. खरं सांग म्हणालीस, म्हणून सांगितलं. पण हवा चौतीसपर्यंत नेणारा माझा हात होता, आणि दार लावून घेणारा माणूस तिसराच होता. कुणाचं किती, ते मला वाटून देता येत नाही. मी प्रयत्न केला, जमलं नाही. तूही करू नकोस.

आता बाकीचं. नऊ तारखेला तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांपुढं वाचलं. तुझी चूक झाली हे पण वाचलं. मग पहिल्या रांगेतली एक विणकरीण उठली आणि म्हणाली, "म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी माझं डोकं फिरल्यासारखं झालं होतं, भिंतीला धरून चालत होते, ते हेच?" मग दुसरा बोलला. मग सगळेच. प्रत्येकाचं काही ना काही होतं, आणि प्रत्येकानं घाम बघून गिळलेलं.

दुसऱ्या दिवशी माणसं आली, पण आत गेली नाहीत. दारासमोर सावलीत बसून राहिली. म्हणाली, दार उघडं राहिलं तर जातो. मॅनेजरनं आधी धमकावलं, मग समजावलं, मग नवी माणसं आणतो म्हणाला. त्यानं आणलीही सहा. ती आत गेली आणि दोन तासांत त्यांतल्या चौघांनी दार ठोकलं. चौथ्या दिवशी तपासनीस आला. वस्तादांच्या चिमीनं अर्ज केला होता.

त्यानं वही मागितली. मी पाच तारखेचं पान काढलं, मॅनेजरच्या देखत लिहिलेला आकडा खोडला, खरा लिहिला आणि बाजूला सही केली. तपासनीस म्हणाला, "ही खाडाखोड तुम्ही आत्ता केलीत?" मी म्हटलं, "हो. आणि आधीचं खोटंही मीच लिहिलं होतं." त्यानं तेही लिहून घेतलं. माझ्यावरही चौकशी बसलीये, ताई. काय होईल ते माहीत नाही. चिमी येऊन गेली. मी तिला सगळं सांगितलं, ती हाकदेखील. ती रडली आणि मग म्हणाली, "तुम्ही पाठीवर हात तरी फिरवलात." मला ते सहन झालं नाही, मी बाहेर गेलो.

सध्या ठरलंय ते असं. दार उघडं. भिंतीच्या वरच्या अंगाला दोन मोठे पंखे, आतली हवा बाहेर फेकणारे. ओला तीसला पोचला की फवारे बंद, आणि एकतीसला माग बंद, सगळ्यांनी बाहेर. धागे तुटतात. दिवसाला कितीतरी तुटतात, मुकादम कपाळ बडवतो आणि माणसं सांधत बसतात. मॅनेजरला हे मनापासून मान्य नाही. चौकशी आहे तोवर गप्प आहे इतकंच.

त्यानं मला परवा बोलावलं. करारपत्र आणि माझी कागदपत्रं टेबलावर ठेवली होती. म्हणाला, "घे आणि जा. आजच जा. गाडीनं सोडतो स्टेशनवर." ताई, महिनाभर मी याच टेबलाची स्वप्नं बघत होतो. कागद उचलले, खिशात घातले. मग विचारलं, "व्हॉल्व्हवर कोण येणार?" तो म्हणाला, "ते तू कशाला विचारतोस?"

मी म्हटलं, "मग मी राहतो. आता करार नाही, म्हणजे दारही माझंच, हवं तेव्हा निघेन." चौकशी चालू असताना मला हाकललं असं दिसायला नको, म्हणून त्यानं राहू दिलं.

हे वाचून तू डोक्याला हात लावशील. मलाही पुष्कळदा वाटतं, काय मूर्खपणा केला. खोली तीच, फरशी तीच, समोरची खाट अजून कुणी घेतलेली नाही. छाती कधी कधी अजून धडधडते, मग मी बाहेर जाऊन पाण्याखाली बसतो. भीती वाटते. पण दुसरा कुणी व्हॉल्व्हवर बसला आणि त्याच्याशी केबिनमध्ये कुणी बोललं, तर तोही लिहील. मी लिहिलंच होतं ना?

दाजींना सांग, गेटवर उभं राहायची गरज नाही. पण तू ये. न्यायला नको, दोन दिवस राहायला. इथं बर्फाची पेटी आणलीये, पण बर्फ नेमका कुठं धरायचा, किती वेळ, माणूस शुद्धीवर नसेल तर पाणी पाजायचं की नाही, यावर रोज चाळीस मतं पडतात. पत्रातून शिकवणं आता पुरे. समोर उभी राहून दाखव.

तू यायला कचरशील, मला माहीत आहे. या लोकांना तोंड कसं दाखवू, म्हणशील. मी त्यांना तेच विचारलं. म्हटलं, घामाचा नियम जिचा, तीच ही. चालेल का? ती पहिल्या रांगेतली विणकरीण म्हणाली, "चुकल्यावर पत्र लिहून कळवणारी माणसं कितीशी असतात? बोलाव तिला."

गेटवर सांगून ठेवलंय, थोरली बहीण येणार आहे म्हणून.

बारक्या